जर्मन घरात राहताना: खिडकी, फोडणी आणि अडीच वाजता

आपल्याकडचं माळवदाचं घर ऊन बाहेर ठेवायला बांधलेलं. जाड भिंती, लहान खिडक्या, दार दिवसभर उघडं. जर्मनीत एका कुटुंबाकडे राहायला गेलो, तर तिथलं घर उलट्या कामाला लागलेलं: आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. पहिल्या महिन्यात ज्या गोष्टी अडल्या, त्यातल्या बऱ्याचशा इथूनच निघतात.

खिडकीची मूठ खाली असली की खिडकी बंद. आडवी केली की दारासारखी उघडते, वर केली की वरच्या बाजूने आत कलते. खिडकी चौकटीला पूर्ण टेकवून मगच मूठ फिरवायची. उघडी असताना फिरवली तर तावदान खालच्या एकाच बिजागरीवर लोंबकळतं. अशा वेळी घाबरून सोडू नका. दोन्ही हातांनी बिजागरीकडचा वरचा कोपरा चौकटीत दाबा आणि मग मूठ वळवा.

हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या 5 ते 10 मिनिटं सताड उघडायच्या आणि परत घट्ट लावायच्या. बाहेर बर्फ पडत असला तरी. अंघोळीची, स्वयंपाकाची, खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ घरातच कोंडते, थंड भिंतीवर पाणी धरते आणि कपाटामागे काळी बुरशी येते. लातूर-परभणीच्या कोरड्या हवेतल्या माणसाच्या हे ध्यानातच येत नाही. खिडकी दिवसभर कलती ठेवणं सोयीचं वाटतं, पण तेच जास्त वाईट: हवा सावकाश बदलते आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडून तिथेच बुरशी धरते.

हीटरच्या नॉबवर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापत राहते. खिडकी उघडण्याआधी नॉब बंद करा, नाहीतर गार हवा लागताच हीटर आपोआप पूर्ण सुरू होतो.

न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी फरशीला मोरी नसते. बादली-तांब्या विसरायचा. पाणी शॉवरच्या चौकटीतच राहिलं पाहिजे, बाहेर सांडलेलं लगेच पुसायचं. बऱ्याच भागांत पाणी जड असतं, म्हणून अंघोळ झाली की काचेवरचं पाणीही ओढून घ्यायचं, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात.

स्वयंपाकाला गॅस क्वचितच. इंडक्शन शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही; बुडाला चुंबक चिकटतं का, ते निघण्याआधीच बघा. लोखंडी तवा चालतो. भाकरी जाळावर शेकता येत नाही, पण दुसऱ्या बाजूने टाकून कडेकडेने कापडाने दाबली की तव्यावरच फुगते. फोडणीच्या आधी चिमणी सुरू करायची, स्वयंपाकघराचं दार लावायचं, खिडकी उघडायची. धूर ओळखणारं यंत्र बहुधा बोळात आणि झोपायच्या खोल्यांत असतं, मोहरी-मिरचीचा धूर तिथवर पोचला की ते किंचाळतं. काळा मसाला न्या, पण घरचं तूप आणि पेढे नाहीत: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत.

जेवताना एक शब्द जपून वापरा. कुणी काही वाढायला विचारलं आणि तुम्ही नुसतं ‘डांके’ (धन्यवाद) म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘नको’ होतो आणि भांडं पुढे जातं. हवं असेल तर ‘या, गेर्ने’ (हो, आनंदाने) म्हणायचं. आपल्यासारखा आग्रह तिसऱ्यांदा होत नाही. तो रूक्षपणा नव्हे, तुमच्या शब्दावर ठेवलेला विश्वास आहे. कुणाला काका-मावशी म्हणत नाहीत. ते स्वतःच ‘डू’ (तू) म्हणा असं सांगेपर्यंत ‘झी’ (आपण) म्हणावं, मग मात्र मोठ्यांनाही नावानेच हाक मारायची.

पेयांच्या प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर आणि पत्र्याच्या कॅनवर 25 सेंट अनामत असते. चेपू नका, दुकानातलं यंत्र त्यावरची खूण वाचूनच पैसे परत देतं. रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी मिक्सर लावू नये. रविवारी दुकानंही बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणावी.

आणि वेळ. ‘हाल्ब द्राय’ (शब्दशः ‘अर्धा तीन’) म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. चुकलात तर तासभर उशीर होतो. हे इंग्रजीतून समजून घेऊ नका, मराठीतूनच घ्या. आपला ‘अडीच’ही ‘अर्धतृतीय’ वरून आला आहे: तिसरा अर्धा. जर्मन माणूस हेच प्रत्येक तासाला लावतो. ‘हाल्ब फिअर’ (अर्धा चार) म्हणजे साडेतीन, ‘हाल्ब आख्ट’ (अर्धा आठ) म्हणजे साडेसात.