पारदर्शक लेप आणि दुधी पटल : माझा अनुभव

मीनाकामात, म्हणजे धातूवर रंगीत काचेची पूड (मीना) भाजून नक्षी करण्याच्या कामात, सर्व रंग भाजून झाल्यावर शेवटी रंगहीन काचेचा जो पारदर्शक लेप देतात, त्याला मी केवळ चकाकी आणण्याचे साधन समजत होते. त्याचे खरे काम मला माझ्या पहिल्या पेंडंटने शिकवले.

हे पेंडंट 999 शुद्धतेच्या (हजारात 999 भाग चांदी) चांदीचे होते, कारण 925 च्या चांदीतले तांबे भट्टीत काळवंडते. चांदीच्या बारीक तारेने कमळाच्या पाकळ्या आखल्या, प्रत्येक घरात निळा आणि हिरवा मीना भरला आणि तीनदा भाजला. मीना वितळला की कणांमधल्या मोकळ्या जागा नाहीशा होऊन थर खाली बसतो. त्यामुळे तारा उंच राहतात आणि घरे खोलगट दिसतात. ही खोली पारदर्शक लेपाने भरून काढता येते. मी मात्र डब्यातली या लेपाची पूड न धुता तशीच पाण्यात कालवून एका जाड थरात पसरली, आणि भाजल्यावर निळ्या रंगावर पांढुरके पटल आले.

भट्टीचा त्यात काही दोष नव्हता. पुडीतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे लेपात बारीक बुडबुडे अडकतात आणि काच धुरकट होते. जाड थरात ते अधिकच जाणवते. पेंडंट फेकून देण्याचे मन होईना, म्हणून वाहत्या पाण्याखाली अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडाने ते पटल हळूहळू घासून काढले आणि काचतंतूंच्या ब्रशने पृष्ठभाग स्वच्छ केला.

मग पूड धुवायला घेतली. पहिले पाणी थेट तांदळाच्या धुवणासारखे पांढरे निघाले. पूड ढवळायची, जड कण तळाशी बसू द्यायचे, वरचे गढूळ पाणी ओतून टाकायचे, असे पाणी नितळ राहीपर्यंत करत गेले. शेवटची दोन पाणी डिस्टिल्ड वॉटरची दिली. ओली पूड ब्रशच्या टोकाने पातळ पसरली, कडेला सुती कापडाचे टोक लावून जास्तीचे पाणी ओढून घेतले, आणि वाफ पूर्ण थांबेपर्यंत पेंडंट भट्टीच्या माथ्यावर सुकवले. ओलावा राहिला तर उसळणारी वाफ कण उडवून टाकते.

सुमारे 800 अंश सेल्सिअसला लेप आधी साखरेसारखा रवाळ, मग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आणि शेवटी पाण्यासारखा सपाट झाला. त्याच क्षणी पेंडंट बाहेर काढले. दुसरा पातळ थर तसाच भाजल्यावर लेप तारांच्या उंचीला आला, आणि निळ्याखालची चांदी स्वच्छ दिसू लागली.