तुम्ही विचारलंत म्हणून: हापूसला डाग का नसतो

पेटी उघडली की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, तुमच्या आंब्यावर काळे डाग कसे नाहीत हो, वरून काही मारता का? नाही हो, मारायचं ते मोहरालाच मारून झालेलं असतं. हे डाग बहुतेक चिकाचे. आंबा हिसडा मारून तोडला की देठ निखळतो, चीक उडतो, आणि जिथे पडेल तिथे साल भाजल्यासारखी होते, मग आंबा पिकेल तसा डाग जास्तच दिसतो. शिवाय देठाच्या उघड्या जागेतून कूज आत जाते ते वेगळंच.

म्हणून सगळा खेळ झेल्याचा आहे. आधी साधा झेला असायचा, काठीला कडं, कड्याला जाळी, आंबा आत घ्यायचा आणि ओढायचं, देठ राहिला तर राहिला. आता नूतन झेला वापरतो, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा. त्याला तोंडाशी पातं असतं, देठ त्यात अडकवून हलकंच खेचलं की आंबा बोटभर देठासकट जाळीत. ओढाओढ नाही त्यामुळे फांदी हलत नाही, बाजूचे कोवळे आंबे गळत नाहीत, आणि दिवसभर मान वर करून काम करणाऱ्या गड्याचे खांदे संध्याकाळी जागेवर असतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

विकत घेणार असाल तर पातं बघा आधी. काहींना नुसता पत्रा लावलेला असतो, चार कलमं झाली की बोथट, आणि बोथट पात्याचा नूतन झेला म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेला जुना झेला! आम्ही सकाळी निघताना कानस मारूनच निघतो. काठी अल्युमिनियमची हलकी पडते, पण कलमाजवळून विजेची तार जात असेल तर ती चुकूनही नको.

बाकी चौदा आणे, म्हणजे झाडावर जवळजवळ पूर्ण तयार झालेला आंबा ओळखायला नजरच लागते, ते झेल्याचं काम नाही. आणि काढलेला आंबा तापलेल्या जमिनीवर ठेवायचा नाही, सरळ सावलीत क्रेटमध्ये, नाहीतर साका वाढतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो, आणि तो तर बाहेरून कळतही नाही.

तरी एखाद्यावर डाग निघालाच तर टाकू नका, चिकाचा डाग सालीपुरता असतो. देठाजवळ काळा आणि मऊ लागला तर मात्र तेवढा आधी बाजूला काढा.