घराचा पहिला मालक, नोंद ७: जिनोआ दक्षिणेत निघालं!

सापडला! आठ महिने ज्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो, तो आमच्या न्यू जर्सीतल्या घराचा पहिला मालक अखेर जहाजाच्या यादीत सापडला. सापडला कसला, मार्चपासून माझ्याच 'बाद' फोल्डरमध्ये पडून होता.

चौथ्या नोंदीतला घोळ आठवतोय ना? १९१५ च्या नागरिकत्वाच्या अर्जात जहाजाचं नाव चुकीचं, जन्मगाव जिनोआ. जिनोआ म्हणजे वायव्य इटली, म्हणून मी जहाजांच्या प्रवासी याद्यांत वंशाच्या रकान्यात 'इटालियन (उत्तर)' लिहिलेलेच तेवढे चाळत बसलो. १९०९ च्या एका यादीत नाव, वय, धंदा सगळं जुळत होतं, पण वंशाच्या रकान्यात 'दक्षिण'. केला बाद.

परवा झोप येईना म्हणून डिलिंगहॅम आयोगाच्या (अमेरिकन काँग्रेसचा स्थलांतरावरचा आयोग) ४१ खंडांतला पाचवा, वंशकोशाचा खंड उघडला. त्यात चक्क लिहिलंय, जिनोआसुद्धा दक्षिण इटालियन! पो नदीच्या खोऱ्यातले तेवढे उत्तरेचे. उरलेलं द्वीपकल्प, सिसिली, सार्डिनिया सगळे दक्षिणेचे. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची ही वंशांची यादी १८९९ पासूनची, आणि मी नकाशा घेऊन बसलेलो. गंमत म्हणजे याद्या न्यूयॉर्कला नव्हे, निघायच्या बंदरावर जहाज कंपनीचे कारकून भरायचे. म्हणजे जिनोआच्याच कुणीतरी जिनोआच्या माणसाला 'दक्षिणेचा' ठरवलं असणार!

(जहाजांच्या प्रवासी याद्या शोधायला स्टीव्ह मोर्सच्या 'वन-स्टेप' या वेबसाइटला पर्याय नाही. पैसे घेणाऱ्या एका साइटच्या नोंदींत वंशाचा रकाना उतरवलेलाच नाही; मूळ पानाचं स्कॅन बघाच.)

नागरिकत्वाच्या अर्जावर याच माणसाचा 'रंग (म्हणजे वंश): गोरा, वर्ण (म्हणजे कातडी): सावळा'. हे वाचून अमेरिकन नागरिकत्व मागणाऱ्या भारतीय भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा १९२३ चा निकाल पुन्हा काढला. थिंद यांना 'गोरे' मानायला नकार देतानाच कोर्टाने भूमध्य समुद्राकडच्या सावळ्या लोकांना मात्र आपल्यातलेच म्हटलं. आणि पुढच्याच वर्षी, १९२४ च्या इमिग्रेशन कायद्याने, इटलीतून वर्षाला किती माणसं घ्यायची तो कोटा ४२,०५७ वरून थेट ३,८४५ वर! गोरे खरे, पण नकोत. मोजणीला आधार १८९० च्या जनगणनेचा, म्हणजे दक्षिणेकडची मोठी लाट येण्याआधीचा. हिशेब लबाड आहे, पण पक्का.

आता १९४० ची जनगणना चाळायचा बेत होता. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, त्याच्या बायकोचं माहेर सव्होना. तेही जिनोआच्याच प्रांतात, लिगुरियात! तिलाही मी 'दक्षिण' बघून बाद केलं असणार. जनगणना राहू दे, आधी तो फोल्डर पुन्हा उपसतो. ६३ पानं आहेत.