तुम्ही विचारलंत म्हणून : रोशाचं तेल

‘अरोमाथेरपीचं, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी उपचार करण्याचं, हे परदेशी खूळ तुम्हाला धुळ्यात बसून कुठून लागलं?’ असं मला बरेच जण विचारतात.

शब्द परदेशी, हे मान्य. रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने तो रूढ केला. १९१० साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याचे हात भाजले, जखमा चिघळल्या, तेव्हा त्याने लव्हेंडरचं तेल वापरलं. मग तो अशा सुगंधी तेलांच्या मागेच लागला आणि १९३७ मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढलं. पण माझं रोशाचं तेल म्हणाल, तर त्याचं गवत आपल्या सातपुड्याच्या उतारावर उगवतं.

रोशा गवत तुम्ही पाहिलं असेलच. पावसाळा सरता सरता त्याला तुरे येतात. ते चुरगळून नाकाशी धरा, गवताच्या वासाआडून चक्क गुलाब येतो. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा भागात ओढ्याकाठी याच्या भट्ट्या लागत. मोठ्या हंड्यात गवत दाबून भरायचं, पाणी ओतायचं, झाकणाच्या फटी पिठाने लिंपायच्या आणि बांबूच्या नळीतून येणारी वाफ गार पाण्यात बसवलेल्या भांड्यात उतरवायची. निवलं की पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं, ते अलगद काढून घ्यायचं.

हे तेल मुंबईहून तुर्कस्तानाकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. भेसळच ती, पण सहज कळायची नाही. कारण गुलाबाच्या वासातलं जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य रोशाच्या तेलात ७०-८० टक्के असतं. युरोपात त्याला ‘टर्किश जिरेनियम’ म्हणत. माल खानदेशाचा आणि नाव तुर्कस्तानचं, याची मला आजही हळहळ वाटते.

लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘पण गुण येतो का?’ दुखऱ्या गुडघ्यांना आपल्याकडे रोशाचं तेल चोळतच आलेत. चोळल्याने आराम पडतो, वासाने मन निवतं, डासही थोडा वेळ लांब राहतात. माझ्या लेखी एवढं पुष्कळ आहे. मधुमेह किंवा कॅन्सर बरा होतो असं सांगणाऱ्याकडून मात्र बाटली घेऊच नका.

आणि लावायचं तर नुसतं नाही. ३० मिली तिळाच्या तेलात दहा-बारा थेंब पुरेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा, आग झाली तर सोडून द्या. पोटात घेऊ नका. घरात लहान मूल असेल तर कापूर आणि निलगिरीचं तेल त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका. थोडंसं पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात.