‘हाफ टेन’ म्हणजे किती वाजता?

इंग्लंडहून परत आल्यापासून एक प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, बँकेच्या रांगेत विचारला गेला आहे, शाळेतल्या जुन्या बाईंनीही विचारला आहे, आणि आता इंग्लंडला निघालेली मुले तोच प्रश्न फोनवर विचारतात : “तू मराठी माध्यमातली ना, मग तिकडे इंग्रजीचं कसं केलंस?” सुरुवातीला मी ‘महिनाभरात होते सवय’ असे सांगून मोकळी होत असे. पुढे कोणी खोलात शिरले तर ‘फार त्रास झाला’ असे म्हणू लागले, कारण तसे म्हटले की ऐकणाऱ्याचे समाधान होते. दोन्ही उत्तरे अगदी खोटी नाहीत, पण खरीही नाहीत. अडचण आली, फक्त ज्या दाराने ती येईल म्हणून मी कडी लावून बसले होते, त्या दाराने आली नाही.

मी इचलकरंजीची. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सगळ्या गावाचे पोट मागावर अवलंबून राहू लागले. आमच्या घरी चार माग आहेत आणि ते ज्या शेडमध्ये चालतात तिची एक भिंत म्हणजेच आमच्या स्वयंपाकघराची भिंत. 2022 च्या सप्टेंबरमध्ये वस्त्र तंत्रज्ञानातली एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेण्यासाठी मी लीड्सला गेले. त्याआधी दिलेल्या आयईएल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांचे इंग्रजी तपासणाऱ्या, परीक्षेत श्रवणाच्या भागात मला नवापैकी साडेसात गुण मिळाले होते, आणि तिथली ध्वनिफीत एकदाच ऐकवतात हे लक्षात घेता माझ्या कानांवर मी बेहद्द खूश होते.

वर्गात खरोखरच फारसे अडले नाही. हे कोणाला पटत नाही, पण त्याचे कारण साधे आहे. माझे वडील सातवीपर्यंत शिकले, तरी बीम, सायझिंग, जॉबर, पिक, काउंट, रॅपिअर हे शब्द त्यांच्या तोंडी दिवसभर असतात. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला शटल आणि त्यातल्या कांडीला पर्न म्हणायचे, एवढे दोन-चार शब्द बदलून घेतले की निम्मे व्याख्यान मला आमच्या शेडच्या दारात चालणाऱ्या गप्पांसारखे वाटत असे. इंग्रजीला घाबरलेल्या माझ्यासारखीच्या घरात इंग्रजी इतकी वर्षे वावरत होती आणि तिला कोणी इंग्रजी म्हणत नव्हते, इतकेच.

घात केला तो फोनने. जानेवारीत आमच्या भाड्याच्या घरातला बॉयलर बंद पडला. नळाचे गरम पाणी आणि भिंतींवरचे रेडिएटर या दोन्ही गोष्टी त्या एकाच यंत्रावर चालत असल्यामुळे घराचे शीतगृह झाले होते. आम्ही पाच जणी तिथे राहत होतो. त्या दिवशी मी एकटीच घरी असल्यामुळे दुरुस्तीवाल्यांचा फोन मी घेतला. पलीकडचा माणूस अस्सल यॉर्कशायरचा, शब्दांचे शेवट गिळणारा आणि इंग्रजीतल्या ‘द’ या शब्दाचा नुसता ‘ट्’ शिल्लक ठेवणारा होता. त्याचे वाक्य मी तीनदा पुन्हा म्हणायला लावले, चौथ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून हाती लागलेले दोन तुकडे घट्ट धरून फोन ठेवला : उद्या, ‘हाफ टेन’. आमच्या पाठ्यपुस्तकात ‘हाफ पास्ट टेन’ होते, ‘हाफ टेन’ कुठेच नव्हते. मी तर्क लढवला की ज्याअर्थी ‘पास्ट’ नाही त्याअर्थी दहा अजून वाजलेले नाहीत, दहाला अर्धा तास कमी आहे, म्हणजे साडेनऊ. दुसऱ्या दिवशी सव्वानऊपासून मी कोट घालून जिन्याच्या पायरीवर बसून राहिले, सव्वादहाला नाद सोडून व्याख्यानाला निघून गेले, आणि साडेदहाला आलेला माणूस बेल वाजवून, दारात चिठ्ठी टाकून परत गेला. पुढची वेळ पाच दिवसांनी मिळाली. ते पाच दिवस आम्ही किटलीत पाणी तापवून अंघोळी केल्या. बाकीच्या चौघींनी मला जे ऐकवले ते मात्र अक्षर न् अक्षर समजले.

घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, “हाफ टेन म्हंजे साडेदहाच की! साडे म्हंजे अर्धा, टेन म्हंजे दहा. एवढं शिकून तुला कळंना व्हय?” त्यांचे बरोबर होते. मराठीतून शब्दाला शब्द ठेवला असता तर मी चुकले नसते. पुस्तकातल्या नियमाला धरून राहिले आणि फसले.

पण समोरासमोर बोलताना जे कान चालतात ते फोनवर का बंद पडतात, याचा उलगडा मला बरेच दिवस होत नव्हता. थोडी टिपणे ठेवल्यासारखे केल्यावर लक्षात आले की फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या बाईंचे निम्मे शब्द माझ्या हातून सुटतात, आणि ओठ झाकणाऱ्या दाट मिशांचे एक सर, जे खरे तर अतिशय संथ आणि स्पष्ट बोलत, त्यांच्या तासाला मी सर्वांत जास्त दमते. मला वाटे, हा माझ्या कानांचाच काही दोष असावा.

उलगडा मार्चमध्ये झाला. लीड्सच्या पश्चिमेला आयर नदीच्या काठी आर्मली मिल्स ही जुनी लोकर गिरणी आहे. 1805 मध्ये ती आगीत जळाली, बेंजामिन गॉट याने ती पुन्हा उभी केली, आणि एके काळी जगातली सर्वांत मोठी लोकर गिरणी म्हणून ती ओळखली जात होती; 1982 पासून तिथे औद्योगिक संग्रहालय आहे. वर्गाबरोबर तिथे गेले असताना माहिती देणाऱ्या आजोबांनी शेजारच्या लँकेशायरमधल्या सुती गिरण्यांची एक गोष्ट सांगितली. मागांच्या गोंगाटात काहीच ऐकू येत नसल्यामुळे तिथल्या विणकर बायका आवाज न काढता, तोंडाची मोठी हालचाल करून आणि हातवाऱ्यांची जोड देऊन एकमेकींशी बोलत, आणि या बोलण्याला ‘मी-मॉ’ असे नाव होते. हे सांगून त्यांनी आम्हा पंधरा-सोळा जणांकडे पाहत एक वाक्य नुसते ओठांनी म्हटले. कोणालाच काही कळले नाही. मी म्हणाले, “हो, पण साखर नको.” त्यांनी चहा घेणार का असे विचारले होते.

त्या दिवशी परतताना मी कालव्याच्या काठाने चालत आले, कारण मला जरा एकटीने विचार करायचा होता. चार साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये नव्वद-पंचाण्णव डेसिबलचा आवाज सहज असतो. आमची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शेडमधल्या वडिलांना जेवायला बोलावते ती कधीच ओरडून नाही. ती फक्त ओठ हलवते आणि हाताची चार बोटे जुळवून तोंडाकडे नेते. तुटलेला धागा, संपलेली कांडी, आलेला व्यापारी, गेलेली वीज (वीज गेल्यावर अर्थातच सांगावे लागत नाही) या सगळ्यांसाठी आमच्याकडे खुणा आहेत. मी लहानपणापासून माणसांचे बोलणे पाहत आले होते. इंग्लंडमध्ये पहिल्या दिवसापासून मी ऐकत कमी आणि पाहत जास्त होते, आणि फोनवर पाहायला काहीच नव्हते.

सौजन्याच्या बाबतीतही माझी थोडी पंचाईत झाली, पण तिच्यावर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. ‘तेवढं पाणी द्या ना’ यातल्या ‘द्या’मध्ये मान आणि ‘ना’मध्ये विनंती असते. त्याचे इंग्रजी करताना या दोन्ही गोष्टी गळून पडतात आणि उरतो तो नुसता हुकूम. उपाहारगृहातल्या बाईंच्या कपाळावरच्या आठीने ते मला दोन दिवसांत शिकवले.

खरा झगडा लिहिण्याशी झाला. पहिल्या सत्रात आम्हाला अडीच हजार शब्दांचा निबंध होता : जुन्या बाटल्यांपासून केलेले पॉलिएस्टर पर्यावरणाच्या दृष्टीने चांगले म्हणावे का? मी एकवीस शोधनिबंध वाचले, प्रत्येकात काय म्हटले आहे ते नीटनेटके मांडले, व्याकरण तीनदा तपासले आणि मोठ्या आत्मविश्वासाने निबंध दिला. 52 गुण मिळाले, म्हणजे 50 ची उत्तीर्णरेषा जेमतेम ओलांडली. भाषेची एकही चूक काढलेली नव्हती. खाली एवढेच लिहिले होते की निबंध वर्णनात्मक आहे, आणि त्यातली एकवीस मते वाचून झाल्यावरही तुमचे मत कळत नाही.

मी भेटायला गेले तेव्हा त्या शिक्षकांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, “बाटलीची पुन्हा बाटलीच करता येत असताना तिचा शर्ट करावा का? तुम्हाला काय वाटते?” मी गप्प राहिले. त्यांना वाटले, इंग्रजी शब्द सुचत नाहीत. त्यांनी तोच प्रश्न अधिक सोपा करून पुन्हा विचारला. मला शब्द सुचत होते. मला काय वाटते हेच मला ठाऊक नव्हते, कारण बालवाडीपासून अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंतच्या सतरा-अठरा वर्षांत गुण देणाऱ्या माणसाने हा प्रश्न मला विचारल्याचे आठवत नव्हते. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असे आम्हाला सांगत. ‘तुमचे मत लिहा’ असे सांगितले तरी ते मत कोणते असावे हे मार्गदर्शकात छापलेले असे. इंग्रजीची अडचण म्हणून जी समजली जात होती ती मराठीतही तितकीच होती. मराठीत ती कधी उघडी पडली नव्हती, एवढेच.

दुसऱ्या सत्राच्या निबंधात मी धाडस केले. जुने धोट्याचे माग मंद आणि अकार्यक्षम, बिनधोट्याचे नवे माग चांगले, असे सगळ्या ग्रंथांत लिहिलेले होते. मी लिहिले की माग दुसऱ्या हाताने घेतलेला असेल, त्याचा सुटा भाग गल्लीच्या टोकावरच्या लेथवर तासाभरात करून मिळत असेल आणि चालवणारा मालक स्वतःच जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, असेल, तर हा हिशेब बदलतो. आणि तो किती बदलतो हे मी वडिलांच्या वहीतल्या आकड्यांनी दाखवले. ‘माझ्या मते’ हे शब्द टाइप करताना मी दोनदा पुसले आणि तिसऱ्यांदा ठेवले. 67 गुण मिळाले. तिकडे 70 ला सर्वोच्च श्रेणी सुरू होते, त्यामुळे मी हरखून गेले होते, पण आईने फोनवर हळूच विचारले, “दहावीला तर ब्याण्णव होते, आता काय झालं गं?”

अजून एक फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत विद्यापीठाकडून ईमेल आला की या आठवड्यात ‘इंडस्ट्रियल ॲक्शन’ असल्यामुळे काही तास होणार नाहीत. मला वाटले, कारखान्यांना भेटी असणार. मी जाड बूट घालून, डबा घेऊन हजर झाले. फाटकाशी आमचेच दोन प्राध्यापक फलक धरून उभे होते. त्या दिवसांत देशभरातल्या विद्यापीठांत शिक्षकांचे संप चालू होते आणि संपाला तिकडे हे भारदस्त नाव आहे. गिरणगावातल्या मुलीला संप ओळखू आला नाही, याचे मला हसू आले. डब्यातले थालीपीठ त्या दोघांनी आणि मी वाटून खाल्ले.

तेव्हा आता फोनवर विचारणाऱ्या मुलांना मी शब्दसंग्रह वाढवा असे सांगत नाही. बॉयलरवाल्याला वेळ लिहून पाठवायला सांगा, असे सांगते. आणि इथे असतानाच कुठल्याही एका गोष्टीबद्दल आपल्याला काय वाटते ते मराठीत पानभर लिहून पाहा, असे सांगते. हे दुसरे काम कोणी केल्याचे अजून कानावर आलेले नाही.

ऑगस्टमध्ये प्रबंध लिहीत मी ग्रंथालयाच्या अशा मजल्यावर बसत असे जिथे कुजबुजायलाही बंदी होती. एका सकाळी दहा वाजता, म्हणजे आपल्याकडच्या अडीचला, वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. उठून बाहेर जाण्याऐवजी मी आवाज पूर्ण बंद करून तो घेतला. ते शेडमध्ये उभे होते, मागे चारही माग चालू होते. त्यांनी ओठांनी विचारले, जेवलीस का? मी चार बोटे जुळवून तोंडाकडे नेली आणि मान हलवली. पाऊस कसा आहे, सुताचा भाव काय झाला, किती पाने लिहून झाली, असे आमचे दहा मिनिटे बोलणे चालले. शेजारच्या मुलीने वहीच्या कोपऱ्यावर लिहून माझ्यापुढे सरकवले : तुझे बाबा बोलू शकत नाहीत का? मी तिच्या खाली लिहिले : बोलतात, पण माग चालू आहेत.