बाळंतपणाला नवरा कुठं होता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नवरा बाहेर बाकड्यावर बसून होता. आत माझी आई होती. इंग्लंडात, लीड्सच्या ऑफिसातल्या मैत्रिणी हे विचारतात तेव्हा त्यांना माझी कीव आलेली दिसते. तिकडं बाप आत नसला की घरात काहीतरी बिनसलंय असंच धरतात. उदगीरला आले की उलटंच. "दवाखान्यात होता म्हणे तो? बाप्या माणसाचं काय काम तिथं?"

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. लेकराचा बाप येणार थेट बारशाला. माझ्या आजोबांनी वडिलांचं तोंड असंच पहिल्यांदा पाहिलं, कुंची-टोपडं घेऊन आले तेव्हा. त्यांना कुणी निष्ठुर म्हटलं नाही, कारण त्यांच्यावाचून काही अडलंच नव्हतं. बाजेखाली शेगडी ठेवायला एक बाई, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला दुसरी, पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद आणि लेखणी मांडायला तिसरी. बाप्यांची यात चांगलीच सोय झाली, हेही खरं. बायकोची एक कळ न पाहता चार लेकरांचा बाप होता येत होतं.

लीड्सला या सगळ्यांतली एकटी आईच येऊ शकली, सहा महिन्यांच्या व्हिसावर, ओवा, बाळंतशेपा आणि डिंक घेऊन. नवऱ्याला आत यायला दवाखान्याची ना नव्हती. पण सासूसमोर बायकोला त्या अवस्थेत बघायचं, हे त्याला जमेना. आणि खरं सांगू? आईसमोर तो उभा असता तर मला मोकळेपणी ओरडता आलं नसतं. हे मैत्रिणींना कितीही सांगितलं तरी पटत नाही.

तो हवा होता तो दुसऱ्याच कामाला. आईला इंग्रजी येत नाही. कळा सोसत डॉक्टरांचं आईला आणि आईचं डॉक्टरांना मीच सांगत होते.

इंग्लंडात बापाला २००३ पासून कायद्यानं दोन आठवड्यांची सुट्टी मिळते, पैसे मोजकेच. त्या सुट्टीत आईनं जावयाला डिंक तळायला बसवलं. सासूबाईंना हे व्हिडिओ कॉलवर दिसलं. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आच मंद ठेव, करपंल."

अशी वेळ परदेशातच येते असं नाही. बीडकडची जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून तिथं 'एक कोयता' धरतात. बाई फडावर बाळंत झाली तर माहेर कुठल्या कुठं राहिलेलं असतं, आणि जवळचा माणूस म्हणजे नवराच. तिथं रीत-भात विचारायला कोण येतंय?

सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत घरातली एक बाई आत थांबू शकते, असं केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं. आडोशाची नीट सोय असेल तिथं नवऱ्यालाही घेता येतं. लातूरला माझ्या भावजयीजवळ तिची आई थांबली, भाऊ बाहेर फेऱ्या मारत होता. आता ती मला विचारते, "ताई, पुढच्या वेळी यांनाच आत बोलवू का?"

मी म्हटलं, "यांच्यासमोर तुला ओरडता येईल का, ते आधी बघ."