तुम्ही विचारलंत म्हणून: नक्की काय करता?

"नक्की काय करता तुम्ही? चित्रं, शिल्पं, की ते आवाजाचं काहीतरी?" लग्नात, देवल क्लबच्या दारात, रंगांच्या दुकानात, सगळीकडे हेच. मागोमाग 'एक ना धड, भाराभर चिंध्या' येतंच. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

कोल्हापुरात हा विषय निघाला की कुणीतरी माझ्या बाजूनं बाबूराव पेंटरांचं नाव घेतं. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या, आणि विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरासुद्धा तयार केला. खरं आहे, पण त्यांच्या मोठेपणाच्या आडोशाला मला उभं राहायचं नाही. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की ते कारागिराच्या घरात वाढले. अशा घरात काम समोर आलं की त्याला लागेल ते हत्यार उचलतात. चित्र वेगळं, शिल्प वेगळं ही खाती आपल्याकडे कॉलेजच्या प्रवेशअर्जावर आणि प्रदर्शनाच्या फॉर्मवर आली.

दुसरी बाजूही ठाऊक आहे. चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी पुन्हा पुन्हा बसले, तेच पाणी रंगवत राहिले. एका जागी इतकं खोल उतरणं मला जमलेलं नाही. ते सलतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा कुठवर आली ते तुम्हाला सांगायला नको. धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर. ते उतरल्यावर मी वही आणि कोळसा घेऊन बापट कॅम्पात गेले, कुंभारांच्या एका शेडमध्ये. २ सप्टेंबरला गणपती बसायचे होते. प्लास्टरच्या मूर्ती रंग उडून उभ्या होत्या. शाडूच्या मात्र बसल्या जागी विरघळलेल्या; पाटावर नुसता ढीग, त्यातून कुठं काथ्या वर आलेला. मी रेघ ओढायला लागले. तिथल्या मावशी म्हणाल्या, "काढतीयास काय? हात लाव की."

वही ठेवली, खोरं घेतलं.

ऑर्डरींची वही पाण्यात गेली होती. गाळ ओढता ओढता मावशी तोंडानं म्हणत होत्या: कुठल्या पेठेची मूर्ती, किती फुटी, लोडाला टेकलेली की उभी, इसार किती दिला. कुणाला सांगत नव्हत्या, विसरू नये म्हणून म्हणत होत्या. सून मधेच एखादा आकडा दुरुस्त करायची. त्या शाडूत नदीची रेव आणि गटाराची घाण मिसळली होती. "पायजे तर ने तुला," मावशी म्हणाल्या, "ह्याचा आता देव हुईत न्हाई."

त्यांचं ते म्हणणं मला कोळशानं काढता आलं नसतं. त्यांना विचारून मी ते फोनवर घेतलं. माती घरी आणली. पुढं एका हॉलच्या जमिनीवर ती थापली, ती रोज थोडी वाळत, भेगाळत गेली, आणि वर तो आवाज. भिंती रिकाम्या. एका जाणत्या परीक्षकांनी विचारलं, "पण यात तुमचं काय आहे?" लागलं ते. पण त्याला माझ्याकडे उत्तर होतं. कोळसा खाली ठेवणं माझं होतं. भिंतीवर काहीही लावायचं नाही, हेही मीच ठरवलं होतं.

मावशी आल्या तेव्हा उत्तर नव्हतं. चपला बाहेर काढून त्या आत आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "शुक्रवार पेठेतला एक ऱ्हायला." मग विचारलं, "ह्याचं तुला काय मिळालं?" पैसे मिळालेच नव्हते, तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या पैशाचं विचारत नव्हत्या असं मला वाटतं. आणि पैशाचंच विचारत होत्या, असंही वाटतं. दुसऱ्याचं नुकसान उचलून आणण्याचा हक्क मला त्या एका खोऱ्यानं मिळाला का? मिळाला, असं मी अजून ठासून म्हणते. रात्री मात्र म्हणवत नाही.

विशीत मी सांगत फिरायचे, "माध्यम गौण, विचार मोठा." त्या मुलीशी आता माझं भांडण आहे. शाडू गौण नाही. घाईनं उन्हात वाळवलात तर तो चिरतो, तुमचा विचार कितीही मोठा असो. मी विचार घेऊन काम सुरू करत नाही. समोरची गोष्ट काहीतरी मागते, तिथून सुरू करते, आणि ती रेघ मागेल की आवाज, हे आधी कळत नाही. यावर ती मुलगी विचारते: मग काहीच मागणं आलं नाही, त्या दिवशी काय करतेस? त्या दिवशी मी रंकाळ्यावर बसून सवयीनं स्केच करते आणि बरीचशी फाडते. त्याला काम म्हणायचं का, यावर आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही.

गॅलरीवाल्यांना 'ओळखू येईल अशी शैली' हवी असते, त्यामुळे पोट नेपथ्यावर आणि मंडपाच्या सजावटीवर चालतं. त्याची मला लाज नाही. सध्या एका नाटकाचा पडदा रंगवतेय. जंगल आहे, आणि दिव्याखाली हिरवा मरतोय. पुढच्या वेळी भेटलात तर त्या हिरव्याबद्दल विचारा. त्यावर मी तासभर बोलेन.